शिवजयंतीचे मुलांचे वेश : बिलावर काय लिहायचं?

सांस्कृतिक समितीकडून

नमस्कार मंडळी,

शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी मुलांचे वेश यंदा मंडळानेच एकत्र मागवायचे ठरले आहे. मावळे, वारकरी, जिजाऊ आणि परकर-पोलक्यातल्या मुली. भारतातला विक्रेता विचारतोय, बिलावर माल काय म्हणून लिहू? 'फॅन्सी ड्रेस' लिहिलं की अमेरिकेत ड्युटी लागत नाही, असं त्याचं म्हणणं. कस्टम्सच्या कामातले काका यादीवर आहेत, त्यांनी कृपया सांगावं.

उत्तर : एक जुने सभासद

ताई, सर्वांना नमस्कार.

आधी एक गोष्ट. 800 डॉलरच्या आतलं पार्सल बिनशुल्क सोडायची सवलत 29 ऑगस्ट 2025 पासून सगळ्याच देशांसाठी थांबवलेली आहे. त्यामुळे लहान खोकं असलं तरी वर्गीकरण नीट व्हायला हवं.

विक्रेत्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे. अमेरिकेच्या टॅरिफमध्ये, म्हणजे आयातशुल्काच्या तक्त्यात, 9505.90.60 हा उत्सव आणि करमणुकीच्या वस्तूंचा रकाना आहे आणि त्याचा मूळ दर शून्य. सण अमेरिकन कॅलेंडरातलाच हवा अशी अट नाही, त्यामुळे शिवजयंतीचा वेशही तिथे बसू शकतो. पण बिलावर 'फॅन्सी ड्रेस' लिहिल्याने तो तिथे बसत नाही. वेश शिवला कसा आहे, ते पाहिलं जातं.

याला दोन निकालांचा आधार आहे आणि दोन्हींत रुबीज कॉस्च्युम ही वेश बनवणारी अमेरिकन कंपनीच आहे. आधी ती अमेरिकेतली उत्पादक म्हणून कोर्टात गेली होती. बाहेरून येणारे स्वस्त हॅलोविन वेश कपडेच धरावेत, म्हणजे त्यांच्यावर ड्युटी बसेल, ही तिची मागणी. 2003 मध्ये अपील कोर्टाने ती मानली नाही. ते वेश तकलादू, न टिकणारे, नेहमीचा कपडा म्हणून कोणी घालणार नाही असे होते, म्हणून ते उत्सवी वस्तूच ठरले. पुढे हीच कंपनी आयातदार म्हणून सांताक्लॉजचा भारी पोशाख घेऊन उभी राहिली आणि तो उत्सवी वस्तू आहे असं म्हणू लागली. 2019 मध्ये ती तिथेही हरली. पोशाख चांगल्या शिवणीचा आणि टिकाऊ, म्हणून जाकिटावर 32 टक्के आणि पँटवर 28.2 टक्के लागले. वर्षातून एकदाच घालतात, हा मुद्दा तिच्या कामी आला नाही.

कस्टम्स खात्याने टेक्स्टाइल वेशांवर एक मार्गदर्शक पुस्तिकाच काढलेली आहे. काठ कापून तसेच सोडलेत की दुमडून शिवलेत, गळ्याला नुसतं इलॅस्टिक आहे की नीट पट्टी, टक्स आणि चेन आहेत का, सजावट चिकटवलेली की शिवलेली, हे सगळं एकत्र धरून ठरवतात. एका चेनवरून निकाल लागत नाही. म्हणून विक्रेत्याकडून कपड्याच्या आतल्या बाजूचे फोटो मागवा. पुढून सगळेच मावळे छान दिसतात.

सॅटिनचा पातळ अंगरखा, मागे वेलक्रो, जरीची पट्टी गोंदाने चिकटवलेली, काठ कच्चे : हा 9505 मध्ये जायला हरकत नसावी. पण परकर-पोलकं अस्तर लावून, काठ मोडून नीट शिवलेलं असेल तर तो कपडाच. शिवाय परकर आणि पोलकं एका पिशवीत आले तरी टॅरिफच्या वेगवेगळ्या शीर्षकांखालचे कपडे सेट म्हणून धरत नाहीत, प्रत्येकाचा दर वेगळा. कृत्रिम धाग्याच्या, मागावर विणलेल्या कापडाचा परकर 16 टक्के, पोलकं 26.9 टक्के. सुती असेल तर 8.2 आणि 15.4. हे मूळ दर झाले. जादा शुल्क लागू असेल तर ते त्यावर, आणि ते सारखं बदलतं, म्हणून माल निघायच्या आठवड्यात पुन्हा पाहा.

उत्तर : खजिनदार

काका, फार उपयोगी. दोन शंका. डिसेंबरात आपली बरीच मंडळी भारतातून परत येतात. प्रत्येकाने बॅगेत चार-पाच वेश आणले तर? आणि वेश थोडे साधेच शिवून घेतले तर ड्युटी वाचेल ना?

उत्तर : तेच जुने सभासद

बॅगेतून नको. परत येणाऱ्या रहिवाशाला 800 डॉलरपर्यंत जी सूट मिळते ती त्याच्या स्वतःच्या, घरच्या वापरासाठी किंवा भेटीसाठी. मंडळाने पैसे भरून मागवलेला माल त्यात येत नाही. पार्सलवर 'गिफ्ट' लिहायचंही कोणी सुचवू नका. कागदावर आयातदार मंडळ असेल आणि खोट्या वर्णनाचा दंडही मंडळालाच होईल.

दुसऱ्या शंकेबद्दल. साधं शिवून घेणं बेकायदा नाही. माल जसा आहे तसा सांगितला की झालं. तरी माझं मत विरुद्ध आहे. नीट शिवलेला परकर धाकटी बहीण घालते, मग शेजारची मुलगी घालते. कच्च्या काठांचा वेश मिरवणूक संपेपर्यंत उसवतो आणि पुढल्या वर्षी मंडळ पुन्हा पैसे घालतं. मावळ्यांचे वेश साधे चालतील, ते एका दुपारचे आहेत. मुलींचे नीट शिवून घ्या आणि ड्युटी भरा, असं मी कळकळीने सांगेन.

जिजाऊंच्या शिवलेल्या नऊवारीचं मात्र मी अंदाजाने सांगणार नाही. काष्ट्यामुळे तिला दोन पाय होतात. ती झग्यात धरायची की पायजम्यात, यावर दर अवलंबून. यासाठी कस्टम्सकडून आधीच लेखी रूलिंग, म्हणजे वर्गीकरणाचा निर्णय, मागता येतं. फी नाही, अर्ज ऑनलाइन होतो, उत्तर साधारण 30 दिवसांत येतं आणि ते खात्यावर बंधनकारक असतं. मोजमापं, कापडाचं प्रमाण आणि फोटो द्या. नमुना मागितला तर पाठवा. अर्ज मी लिहून देतो.

आणखी एक, ड्युटीपेक्षा महत्त्वाचं. 12 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंना सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते द्यायची जबाबदारी आयातदाराची. कापड भडकन पेट घेणारं नको. बटणं, चेन, टिकल्या यांत शिशाची मर्यादा दहा लाखांत 100 भाग. पॉलिस्टरला ज्वलनचाचणीतून सूट आहे, पण रेयॉनच्या झिरमिळ्या ओढणीला नाही. विक्रेत्याला कापड कोणतं हे नेमकं विचारा, 'सिल्क टाइप' हे उत्तर चालणार नाही.

उत्तर : एक पालक

काका, माझी लेक अजून 84 सेंटिमीटरची आहे. तिच्या परकरालाही हेच दर का?

उत्तर : तेच जुने सभासद

नाही. 86 सेंटिमीटरपर्यंतच्या बाळांचे कपडे वेगळ्या शीर्षकाखाली जातात, मागावर विणलेल्या कापडाचे 6209 मध्ये. ताई, ऑर्डरच्या तक्त्यात वयाऐवजी उंचीचा रकाना ठेवा आणि बाळांचे कपडे बिलावर वेगळ्या ओळीत मागा.