विषय: शनिवारी ४ ते ६ हॉल कुणाचा?

मंडळी,
शनिवारी ४ ते ६ हॉल मला वकीलबाईंच्या सत्रासाठी हवा आहे. कॅलेंडरवर ढोलपथकाचं नाव परस्पर आलेलं दिसलं. वकीलबाई पुन्हा एवढ्यात वेळ देणार नाहीत. दुसऱ्याला गाडीची चावी दिली तर गुन्ह्यात कसं अडकतो, हे शाळेतल्या मोठ्या मुलांना त्यांच्याकडूनच कळायला हवं. शिवाय सत्राच्या फ्लायरवरचे 'ड्रग्ज' आणि 'खून' काढा, असं कमिटीकडून आलंय. का काढायचे?
– ताई (शाळा)

ताई, परस्पर नाही. मागच्या मीटिंगला ठरलं, तुम्ही लवकर निघालात. मिरवणूक तीन आठवड्यांवर आलीये आणि नव्या बारा पोरांचा अजून हात बसलेला नाही. पार्किंगमध्ये वाजवलं की शेजारी पोलिसांना फोन करतात, गेल्या वर्षी पाहिलंत ना.
– दादा (ढोल)

शब्द मीच काढायला सांगितले. तो फ्लायर गणपतीच्या निमंत्रणासोबत घरोघरी जाणार. आपली मुलं तसली नाहीत, त्यांना कशाला घाबरवायचं?
– माई

माई, 'तसली' म्हणजे कोण? आपल्याच फ्लोरिडातली, पेन्साकोला शहरातली केस बघा. मार्च २००३. वीस वर्षांचा मुलगा, आधीचा एकही गुन्हा नाही. रात्रभर पार्टी, पहाटे रूममेटने गाडी मागितली, याने चावी दिली आणि झोपायला गेला. रूममेट आणि त्याचे मित्र गांजा विकणाऱ्या बाईच्या घरी तिजोरी पळवायला गेले. तिथे एकाने तिच्या अठरा वर्षांच्या मुलीला बंदुकीने मारून मारून संपवलं. चावी देणारा तेव्हा दीड मैलावर. बेताबद्दल बोलणं कानावर होतं, पण चेष्टा वाटली, असं त्याने कोर्टात सांगितलं. सरकारी वकिलाचा मुद्दा एकच: गाडी नसती तर खून झाला नसता. फेलनी मर्डर, म्हणजे गंभीर गुन्हा करताना कुणाचा जीव गेला तर त्या गुन्ह्याला मदत करणाराही खुनी धरला जातो. पॅरोलशिवाय जन्मठेप! २०१५ मध्ये गव्हर्नरांनी ती पंचवीस वर्षांवर आणली. खटल्याआधी गुन्हा कबूल करायच्या तडजोडीत साधारण दहा वर्षांवर सुटण्याची शक्यता होती, ती त्याने नाकारली होती. आपण काही केलंच नाही, असं वाटलं असणार. माझ्या नातवालाही तसंच वाटेल.
– अप्पा

अप्पा, इंग्लंडने हा नियम १९५७ सालीच काढून टाकला. इथे का चालवून घेतात?
– बंधू

बंधू, आपल्याकडेही जवळचं होतंच की. भा.दं.वि. ३९६: पाच किंवा जास्त जणांच्या दरोड्यात एकाने खून केला तर सगळ्यांना फाशीपर्यंत शिक्षा. फरक एवढाच, की तिथे दरोड्यात सामील असावं लागतं. घरी झोपलेला माणूस त्यात सहजी बसत नाही. आणि त्या मेलेल्या मुलीबद्दल इथे एक ओळ नाही. तिची आई गांजासाठी तीन वर्षं तुरुंगात गेली, तीही मुलगी गेल्यावर.
– वहिनी

वहिनी, बरोबर. मुलीचं आधी बोलायला हवं होतं.
– अप्पा

माझ्या मुलाने गेल्या महिन्यात रूममेटला गाडी दिली. 'दूध आणायला गेलाय' म्हणाला. रात्रीचे दोन वाजले होते. गाडी परत आली तेव्हा मागच्या सीटवर कुणाचीतरी बॅग होती, अनोळखी. मी ती उघडली नाही, त्याच्या हातात दिली आणि बाहेर ठेवायला लावली. माई, शब्द राहू द्या.
– शाळेतली एक आई

राहू द्या. पण निमंत्रणाच्या पाकिटात नको, वेगळा कागद पाठवा.
– माई

ताई, ४ ते ५.३० तुम्ही घ्या, आम्ही पावणेसहाला सुरू करू. पथकातली मोठी पोरं तुमच्या सत्राला बसतील, सगळी. फक्त खुर्च्या उचलून ठेवा, ढोल मध्ये लागतात. हॉलची किल्ली माझ्याकडेच आहे.
– दादा