विषय: सर्व गटांसाठी एकच कॅलेंडर आणि सूचनेचा ठरलेला साचा

नमस्कार मंडळी,

वाचनगट, नाट्यगट, मुलांचे मराठी वर्ग, ज्येष्ठांची बैठक, रविवारी चालायला जाणारे: परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाचे इतके गट. शहर लहान, त्यामुळे सभागृहं दोन-तीनच आणि या सगळ्या गटांतले चेहरेही बरेचसे तेच. एका शनिवारी दोन कार्यक्रम आले की दोन्हीकडे निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतात, आणि मग "लोकांना रस नाही" अशी चर्चा सुरू होते. रस असतो, तारखा एकमेकींवर आपटतात.

म्हणून क्रम असा असावा: आधी तारीख कॅलेंडरात, मग सभागृहाची चौकशी, सभागृहाचं लेखी उत्तर आल्यावरच सूचना. नक्की नसलेली तारीख "तात्पुरती" असं लिहून टाकावी. पंधरा दिवसांत पक्की झाली नाही तर ती मोकळी धरू.

कॅलेंडर मंडळाच्या खात्यावर असेल, कुणाच्या खासगी खात्यावर नाही. प्रत्येक गटातल्या दोघांना बदल करण्याचा अधिकार, बाकीच्यांना फक्त बघण्याचा. कार्यक्रम रद्द झाला तर नोंद पुसू नका, नावाआधी "रद्द" लिहा. पुसलेली नोंद गुपचूप नाहीशी होते आणि ज्यांना तारीख पाठ झालेली असते ते दारात येऊन उभे राहतात.

मतं कळवा.
सचिव

---

उत्तर: सर्व गटांसाठी एकच कॅलेंडर…

सचिव, नमस्कार.

क्रम पटला. एक गोष्ट सूचनेत ठळक लिहा: कॅलेंडर "आयात" करू नका, त्याचं "सदस्यत्व" घ्या. आयसीएस फाइल (कॅलेंडरच्या नोंदींची फाइल) आयात केली की त्या दिवशीची प्रत फोनवर बसते आणि नंतरचा एकही बदल पोचत नाही. सदस्यत्वात बदल येतात, पण काही अ‍ॅप दिवसातून एखाद्या वेळीच ताजं करतात. म्हणजे ऐनवेळचा बदल कॅलेंडरवर सोडून चालणार नाही, तो मेल आणि एसएमएसनेच जायला हवा.

एसएमएस देवनागरीत लिहिणार असाल तर मर्यादा रोमन लिपीसारखी 160 नव्हे, 70 अक्षरचिन्हांची आहे. त्याहून लांब गेला की 67-67 चे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा वेगळा मोजला जातो. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे स्वतंत्र धरले जातात; "क्ष" एकटाच तीन खातो. तेव्हा "सर्वांना कळवण्यात येते की" वगैरे नको. "आजचा वाचनगट रद्द. पुढची तारीख मेलवर." एवढंच.

भारतातले वक्ते ऑनलाइन बोलणार असतील तर मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर जपून. भारतीय वेळ वर्षभर यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे असते; उन्हाळ्या-हिवाळ्यासाठी तासाने पुढेमागे होतं ते आपल्या इथलं घड्याळ. त्यातही अमेरिकेत ते मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतं, युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. तिन्हीकडचे श्रोते असले तर मधल्या दिवसांत तोंडी हिशोब हमखास चुकतो. कॅलेंडरच्या नोंदीला वेळक्षेत्र लावा आणि सूचनेत आपली व भारतीय अशा दोन्ही वेळा लिहा.
संकेतस्थळ व मेलयादी

---

उत्तर: सर्व गटांसाठी एकच कॅलेंडर…

मंडळी,

बातमीपत्राकडे येणाऱ्या सूचनांत सर्वांत मोठा घोळ असतो तो वार आणि तारीख न जुळण्याचा. कारण साधं आहे: गेल्या वर्षीचा मजकूर उचलून फक्त साल बदललं जातं. वर्षात 52 आठवडे आणि वर एक दिवस, म्हणून त्याच तारखेचा वार एकाने सरकतो. मध्ये 29 फेब्रुवारी आला तर दोनाने. वाचणारा मात्र वारावर विश्वास ठेवतो. आणि 5/6 असं लिहू नका. कुणाला तो 5 जून, कुणाला 6 मे.

विषयाच्या ओळीत आधी तारीख-वार, मग वेळ, मग कार्यक्रमाचं नाव. "महत्त्वाची सूचना" हा विषय नव्हे. मजकुरात दरवाजा उघडण्याची, कार्यक्रम सुरू होण्याची आणि सभागृह रिकामं करण्याची अशा तीनही वेळा हव्यात, कारण मदतनीसांना पहिली आणि शेवटचीच लागते. वाहन कुठे लावायचं, चाकाची खुर्ची कोणत्या दारातून येते, हेही लिहा.

मजकूर मेलमध्येच असू द्या. नुसतं चित्र चिकटवलं तर शोधात सापडत नाही, दृष्टिहीनांच्या वाचक-प्रणालीला ते वाचता येत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी चित्रं आपोआप उघडतच नाहीत. जुन्या, युनिकोड (सगळ्या उपकरणांवर चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नसलेल्या फाँटमधला मजकूर पाठवणाऱ्यांना विनंती: रूपांतर केल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासा. त्या फाँटांत वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टंकलेला असतो, युनिकोडमध्ये बरोबर उलट. म्हणून "कार्यक्रम" आणि "निमंत्रण" हे दोन शब्द ठीक दिसले तर बाकी बहुधा ठीक असतं.
बातमीपत्र संपादन

---

उत्तर: सर्व गटांसाठी एकच कॅलेंडर…

वरच्या मेलला जोडून, छापील पत्रकाबद्दल. वाचनालयातला फलक अजूनही सर्वांत जास्त वाचला जातो असं माझं मत आहे, विशेषतः जे मेलयादीवर नाहीत त्यांच्याकडून.

ए4 पानासाठी 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) 2480 बाय 3508 पिक्सेल लागतात; फोनवर फिरून आलेलं चित्र छापलं तर फुटतं. तीन मीटरवरून वाचायचा मथळा साधारण अडीच सेंटिमीटर उंच हवा. अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा, वाढवलं की शिरोरेखा तुटते. ओळींमधलं अंतर मात्र अक्षराच्या आकाराच्या दीडपट घ्या, रोमन लिपीसाठी बसवलेल्या अंतरात वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात.

क्यूआर कोडची रुंदी स्कॅन करण्याच्या अंतराच्या एक दशांश असावी: हात लांब करून, म्हणजे अर्ध्या मीटरवरून स्कॅन होणार असेल तर पाच सेंटिमीटर. भोवती कोडातल्या चार ठिपक्यांइतकी कोरी जागा सोडा. गडद पार्श्वभूमीवर पांढरा कोड सुंदर दिसतो, पण काही फोन तो वाचत नाहीत. पत्ता जितका लांब तितके ठिपके दाट, म्हणून छोटा पत्ता द्या. तो मंडळाच्याच संकेतस्थळाचा असू द्या, फुकट सेवेचा दुवा बंद पडला तर लावलेली सगळी पत्रकं वाया. छापून भिंतीवर लावून दोन वेगवेगळ्या फोनांनी तपासा, संगणकाच्या पडद्यावर नव्हे.
पत्रकं व फलक

---

उत्तर: सर्व गटांसाठी एकच कॅलेंडर…

सचिवांना एक हरकत. "तात्पुरत्या" तारखेला पंधरा दिवस फार झाले. एखादा गट महिनाभरातले चारही शनिवार अडवून ठेवेल आणि शेवटी एकच वापरेल. मुदत सात दिवस करा, आणि एका गटाच्या एका वेळी दोनच तात्पुरत्या नोंदी.

नोंदणी अर्जात "येणार" एवढंच विचारलं जातं, ते अपुरं आहे. मोठे किती, मुलं किती, मुलांची वयं, चाकाची खुर्ची आहे का, पुढे बसून ऐकायची गरज आहे का, हे पाच प्रश्न पुरतात. सभागृहाची क्षमता आगीच्या नियमातली असते. तीत स्वयंसेवक, कलाकार, ध्वनीवाले आणि मांडीवरची मुलंही मोजतात. शंभरच्या सभागृहात शंभर नोंदण्या घेतल्या की मदतनीस बाहेर. नोंदणी 85 ला थांबवा, पुढच्यांना प्रतीक्षायादीवर ठेवा.
सभागृह व्यवस्था

---

उत्तर: सर्व गटांसाठी एकच कॅलेंडर…

सात दिवस आणि दोन नोंदी मान्य. अर्जातले पाच प्रश्न तसेच घेते, फक्त वयं "पाचपेक्षा लहान / मोठी" एवढीच विचारू. त्याहून जास्त माहिती साठवायची आपल्याला गरज नाही, आणि अर्ज कार्यक्रमानंतर महिन्याने पुसायचा.

राहिला ऐनवेळचा बदल. त्यासाठी प्रत्येक गटाने दोन नावं द्यावीत: एक जण मेल आणि एसएमएस पाठवेल, दुसरा सभागृहाच्या दारावर कागद लावेल. दोन्ही कामं एकाच माणसाकडे नकोत. नावं शुक्रवारपर्यंत माझ्याकडे, यादीवर "सर्वांना उत्तर" न दाबता.
सचिव