एटीपी : ऊर्जेचा 'साठा' म्हणावं की 'चलन'?

प्रश्न :
दहावीच्या मुलांसाठी टिपणं काढतो आहे. एटीपीला (अ‍ॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट, पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) कुठे 'पेशीतील ऊर्जेचा साठा' म्हटलेलं दिसतं, कुठे 'ऊर्जेचे चलन'. दोन्ही चालतील का? आणि 'बंध तुटला की ऊर्जा मुक्त होते' हे वाक्य तसंच ठेवू का?

प्रतिसाद १ :
'साठा' कृपया नको. साठा बाजूला पडून असतो, गरजेला काढता येतो. ते काम ग्लायकोजेनचं (शरीरात साठवलेल्या ग्लुकोजचं) आणि मेदाचं. एटीपी पडून राहतच नाही. आपल्या अंगात एका वेळी पाव किलोसुद्धा एटीपी नसतं, पण दिवसभरात बनून खर्ची पडणारं एटीपी जवळपास आपल्या वजनाइतकं भरतं, कारण एकेक रेणू दिवसातून शेकडो वेळा मोडतो आणि पुन्हा जुळतो. जीव खाऊन पळताना स्नायूतलं एटीपी दोन-तीन सेकंदांपुरतंच असतं. पुढचे काही सेकंद क्रिएटिन फॉस्फेट हा स्नायूतला दुसरा रेणू आपला फॉस्फेट देऊन एटीपी पुन्हा जुळवतो आणि वेळ मारून नेतो. 'चलन'च लिहा.

प्रतिसाद २ :
'चलन'ला माझंही अनुमोदन. बंधाचं वाक्य मात्र बदलाच. कुठलाही रासायनिक बंध तोडायला ऊर्जा घालावीच लागते. जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ लिपमन यांनी १९४१ साली एटीपीतल्या फॉस्फेट बंधासाठी नागमोडी रेघ वापरली, 'उच्च ऊर्जा बंध' हा शब्द रुळला आणि ऊर्जा त्या बंधातच कोंडलेली आहे असं मुलांना वाटू लागलं. एटीपीत तीन फॉस्फेट गट एकाला एक लागून असतात. तिन्ही ऋणभारित, त्यामुळे एकमेकांना रेटत असतात. पाण्याशी क्रिया होऊन (हेच जलअपघटन) टोकाचा गट सुटला की हा ताण उतरतो, आणि एडीपी (उरलेला दोन फॉस्फेटांचा रेणू) व सुटा फॉस्फेट हे दोघे मिळून आधीपेक्षा स्थिर होतात. ऊर्जा मिळते ती या फरकातून : प्रमाण स्थितीत मोलमागे सुमारे ३०.५ किलोज्यूल. 'एटीपीचे जलअपघटन होताना ऊर्जा मुक्त होते' असं लिहिलंत तर पुढे बारावीत त्यांना काही पुसावं लागणार नाही.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही आभार, दोन्ही बदल करतो. 'स्नायूंच्या आकुंचनासाठी एटीपी लागते' हे तरी ठीक ना?

प्रतिसाद १ :
अर्धंच आहे. स्नायूतल्या मायोसिन या प्रथिनाने अ‍ॅक्टिन या दुसऱ्या प्रथिनाला धरलेली पकड सुटते तीही नवा एटीपी रेणू येऊन चिकटला तरच. मृत्यूनंतर एटीपी संपतं, पकड सुटत नाही, म्हणून देह ताठरतो. 'आकुंचन आणि शिथिलन, दोन्हींसाठी' असं करा.