संपणारी भेट, पण मोठा डबा नको
लहान मुलाकडे खेळणी भरपूर असतील तर ख्रिसमसला रंग-कागदासारख्या, वापरून संपणाऱ्या वस्तू द्या, असं सुचवलं जातं; ते पटलं. पण 48 रंगांच्या मेणखडूंच्या मोठ्या डब्याला माझा विरोध. दोन-तीन वर्षांचं मूल खडू मुठीत धरून दाबतं. बारीक कांड्या लगेच मोडतात आणि तुकडे तोंडात जातात. शिवाय इतके रंग असले की चित्र राहतं बाजूला, डबा ओतणं आणि भरणं एवढाच खेळ होतो. बोटाएवढे जाड, 6 ते 8 रंगांचे मेणखडू पुरतात.

खरा घोटाळा कागदात होतो. साधा 80 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाचा) कागद पाणीरंगांनी सुरकुततो, मग फाटतो आणि मूल वैतागून उठतं. किमान 200 जीएसएमचा कागद घ्या, तोही ए-3 आकाराचा, कारण या वयात हात मनगटातून नव्हे तर खांद्यातून फिरतो. सोबत एक जाड दांड्याचा, चपटा ब्रश. झालं!

आणि भेटीवर हौसेने गाणारं शुभेच्छापत्र चिकटवू नका. त्यात बटन सेल (बटणासारखी छोटी, गोल बॅटरी) असतो, बहुतेकदा स्क्रूचं झाकण नसलेला. तो गिळून अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आत भाजू शकतं.