'चाहता', 'पाठीराखा' आणि 'मानलेला संघ'

प्रश्न : एका लेखात दोन तऱ्हेचे क्रिकेटवेडे येतात. एकाच्या घरात लहानपणापासून एकाच संघाचं नाव घेतलं जातं. दुसरा मोठेपणी, चार संघ पाहून, एक ठरवतो. दोघांनाही 'चाहता' म्हटलं की फरक पुसला जातो. मराठीत वेगळे शब्द आहेत का?

उत्तर १ : आधी 'चाहता' बाजूला काढा. तो माणसाला चिकटणारा शब्द आहे. हार्दिक पंड्याचा चाहता २०२२ साली त्याच्यामागून गुजरातकडे गेला आणि २०२४ला मुंबईकडे परतला, तरी त्याला कोणी बोल लावणार नाही. मुंबईचा 'पाठीराखा' मात्र जागचा हलत नाही. पाठ राखतो तो पाठीराखा. ओव्यांमधली बहीण भावाला हेच म्हणते. अडचणीत मागे उभं राहणं हे त्या शब्दाच्या पोटातच आहे, म्हणून हरणाऱ्या संघाबरोबर तो जास्त शोभतो. पण ही साथ कधीपासूनची, हे त्यातून कळत नाही. तुमच्या दोन्ही माणसांना तो चालेल.

उत्तर २ : सुरुवात दाखवायची तर पहिल्या माणसासाठी 'बाळकडू' घ्या : 'त्याला मुंबई इंडियन्सचं बाळकडू मिळालं.' 'पिढीजात' इथे टाळा. त्याला आजोबा, बाप, नातू अशी साखळी लागते आणि आयपीएल सुरू झाली २००८ साली. रणजी करंडक या देशांतर्गत स्पर्धेत तो शब्द खरा ठरतो. १९३४-३५चा पहिलाच हंगाम मुंबईने जिंकला होता, त्यामुळे तिथे पिढीजात पाठीराखे असू शकतात.
रणजीबद्दल लिहिताना आणखी एक काळजी घ्या. आपल्या राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ उतरतात. नुसतं 'महाराष्ट्राचा पाठीराखा' लिहिलं तर राज्य की संघ, ते कळत नाही. 'महाराष्ट्र संघाचा' असंच लिहा. आणि विदर्भाने २०१७-१८मध्ये पहिल्यांदा करंडक उचलल्यावर जे आले, त्यांच्यासाठी 'उगवत्या सूर्याला नमस्कार' तयारच आहे. मात्र विचार करून संघ ठरवणाऱ्याला तो लावू नका, अन्याय होईल.

उत्तर ३ : दुसऱ्या माणसासाठी माझं मत 'मानलेला संघ'. मानलेला भाऊ, मानलेली बहीण आपण म्हणतोच. नातं रक्ताचं नसतं, पण एकदा मानलं की भाऊबीज चुकवता येत नाही. निवड आणि त्यानंतरचं बंधन, दोन्ही एका शब्दात येतात. 'निवडलेला संघ' म्हटलं की निवड समितीने निवडलेले खेळाडू डोळ्यांसमोर येतात, म्हणून तो नको.
पुण्याचं उदाहरण यात चपखल बसतं. पुणे वॉरियर्स २०११ ते २०१३ खेळला आणि संपला. रायझिंग पुणे २०१६ला आला, २०१७चा अंतिम सामना मुंबईशी एका धावेने हरला आणि तोही संपला. संघच उरला नाही तर पाठ कोणाची राखायची? अशा पुणेकराने पुढे जो संघ धरला तो मानलेलाच. त्याला हंगामी म्हणणं मला मान्य नाही.

उत्तर ४ : थोडं व्याकरण. 'पाठिंबा'तला ठि ऱ्हस्व, 'पाठीराखा'तला ठी दीर्घ. पाठिंबा 'ला' घेतो आणि एका सामन्यापुरताही चालतो : 'आज चेन्नईला पाठिंबा'. 'मुंबईकडून' फक्त खेळाडूसाठी. प्रेक्षक 'मुंबईच्या बाजूने' असतो. 'पाठराखण'ला चुकलेल्याला सांभाळून घेण्याची छटा आहे, त्यामुळे 'संघाची पाठराखण केली' वाचून संघाने काहीतरी गैर केलं असं वाटतं. बाईसाठी 'पाठराखीण' तर मुळीच नको. ती नव्या नवरीसोबत सासरी जाणारी सोबतीण. 'पाठीराखी' लिहा.

प्रश्नकर्ता : मग असं जमेल का? 'थोरलीला मुंबईचं बाळकडू मिळालेलं, धाकटीने बंगळूरला मानलं. पण दोघीही पक्क्या पाठीराख्या.'

उत्तर ३ : जवळजवळ. 'बंगळूरला मानलं' म्हणजे बंगळूरपुढे हात टेकले, 'मानलं बुवा!' म्हणतो तसं. 'बंगळूर हा धाकटीचा मानलेला संघ' असं करा.