एंटरप्राइजच्या कप्तानांच्या पट्टीवर डेकरचं नाव लिहायचं का?

मेघना_मुलुंड

नमस्कार मंडळी. माझ्या भाच्याने ‘स्टार ट्रेक’मधल्या एंटरप्राइजचं, म्हणजे मूळ एनसीसी-१७०१ चं मोठं मॉडेल करायला घेतलंय. रिफिटनंतरचं, म्हणजे गोदीत मोठी दुरुस्ती आणि बदल झाल्यावरचं, सिनेमांमध्ये दिसतं ते रूप. खाली बैठकीला सागाची फळी आहे आणि तिच्यावर पितळी पट्टीत जहाजाचा सेवेचा तपशील कोरून घ्यायचा विचार आहे. कप्तान कोण, कधीपासून, शेवट कसा झाला, एवढंच. नौदलाच्या जहाजांवर असतो ना, तसा.

एप्रिल, पाइक, कर्क इथपर्यंत काही अडत नाही. पुढे मात्र अडतं. १९७९ च्या सिनेमात जहाज डेकरकडे असतं, पण ते निघायच्या आतच कर्क ताबा घेतो. १९८२ च्या सिनेमात कप्तान स्पॉक असतो, तिथेही प्रसंग आला की सूत्रं कर्ककडेच. मग या दोघांची नावं लिहायची का? आणि १९८४ च्या सिनेमात अॅडमिरल मॉरो म्हणतो, जहाज वीस वर्षांचं झालं. एरवी सगळीकडे सेवेची सुरुवात २२४५ सांगतात. पट्टी एकदा कोरली की कोरली, म्हणून आधीच विचारून घेते.

निनाद_ठाणे

डेकर नको असं माझं मत. त्याच्या नावावर एकही मोहीम नाही. जहाज गोदीत असताना त्याने फक्त देखरेख केली. स्पॉकचंही तसंच, त्याच्या वेळी ते शिकाऊ पोरांचं जहाज झालं होतं. पट्टी लहान असेल तर एप्रिल, पाइक, कर्क ही तीन नावं पुरेत.

माझगावचा_फिटर

मेघनाताई, डेकरचं नाव हवंच. निनाद, तुमचा मुद्दा कळला, पण पटला नाही. जरा सविस्तर लिहितो, कारण माझी सगळी नोकरी याच कामात गेली.

मी नेव्हल डॉकयार्डात फिटर होतो. लायन गेटमधून आत शिरायचं आणि जे जहाज रिफिटला लागलं असेल त्याच्या पोटात दिवस काढायचा. अशा जहाजात पाऊल टाकलं की नवख्या माणसाला वाटतं, संपलं हे. डेकवर केबलींची वेटोळी, दारादारांतून हवेचे पाइप सोडलेले, निम्मे पॅसेज अंधारात. पंप उचलून शॉपमध्ये नेलेला असतो आणि त्याच्या जागी उरलेले बोल्ट, शेजारी खडूने लिहिलेला नंबर. पण त्या जहाजाला तेव्हाही कमांडिंग ऑफिसर असतो. कुठली लाइन कुठून वळवली, कुठला व्हॉल्व्ह नवा, कुठल्या मशीनची चाचणी अजून बाकी, हे सगळं तिथे रोज हजर असणाऱ्यालाच माहीत. नावांच्या फलकावर त्याची वर्षं सलग लागतात, रिफिटची म्हणून कोणी वेगळी काढत नाही.

आता सिनेमा बघा. एंटरप्राइजचं काम १८ महिने चाललेलं असतं. कर्कने अडीच वर्षांत जहाज चालवलेलं नसतं, हे डेकर त्याला तोंडावर सांगतो. पुरेशा चाचण्या न होता जहाज निघतं. निघण्याआधीच माणसांना क्षणात इकडून तिकडे नेणारा ट्रान्सपोर्टर बिघडून सोनाक या अधिकाऱ्यासकट दोघे जिवानिशी जातात. मग प्रकाशाहून वेगाने नेणाऱ्या वॉर्प इंजिनांचा तोल जाऊन जहाज वर्महोलमध्ये, म्हणजे अवकाशातल्या बोगद्यात, सापडतं आणि समोर लघुग्रह येतो. कर्क फेजर, म्हणजे किरणांची अस्त्रं, चालवायला सांगतो. डेकर तो हुकूम तिथल्या तिथे फिरवतो आणि फोटॉन टॉर्पेडो सोडायला लावतो, म्हणून सगळे वाचतात. नंतर केबिनमध्ये कर्क जाब विचारतो, तेव्हा कारण कळतं. नव्या रचनेत फेजरची ताकद वाढवण्यासाठी त्यांना मुख्य इंजिनांतून पुरवठा दिलेला होता. इंजिनांचा तोल गेल्याबरोबर फेजर आपोआप बंद पडले. कर्कच्या जुन्या जहाजात असं नव्हतं, डेकरच्या जहाजात होतं.

हा प्रसंग मी कितीदा पाहिला असेल, दर वेळी अंगावर काटा येतो. जहाज कोणाचं होतं, याला आणखी वेगळा पुरावा कशाला हवा?

आपल्याकडचंच उदाहरण देतो. ऐंशीच्या दशकात विक्रांतवर सी हॅरियर विमानं आली. विमान पुढे फेकणारं कॅटापुल्ट निघालं, पुढे स्की-जंप, म्हणजे उड्डाणासाठीचा चढ, बसला. नाव विक्रांत, नंबर आर-११, पण १९६१ मध्ये बेलफास्टला सेवेत घेतली ती विक्रांत आता पुष्कळ बदलली होती. विमान उडवायची रीतच नवी. त्या काळात तिची जबाबदारी ज्यांनी वाहिली त्यांना ‘फक्त देखरेख’ म्हणणं अन्यायाचं आहे. लढाई काही दिवसांची असते. १९७१ मध्ये विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता, वेग कमी ठेवावा लागत होता, आणि तरी तिच्या सी हॉक विमानांनी ४ डिसेंबरला कॉक्स बाजार आणि चितगाव गाठलं. तडा गेलेला बॉयलर जपत तिला तिथवर नेणारे हातही त्या इतिहासात आहेतच.

आणि हो, भाचा रिफिटचंच मॉडेल करतोय ना? मग त्याखाली डेकर नसेल तर कोण असणार!

कल्याणी_जोगेश्वरी

फिटरकाकांना शंभर टक्के अनुमोदन. स्पॉकचं नावही हवं. शिकाऊ खलाशी घेऊन निघालेलं जहाज हे सेवेतलंच जहाज. शत्रूच्या हाती गेलेल्या रिलायंट जहाजाचा पहिला मार बसतो तेव्हा इंजिनरूममध्ये जागा न सोडणारा पीटर प्रेस्टन शिकाऊच होता. स्पॉक कर्कला सूत्रं देतो तीसुद्धा स्वतःहून, त्यामुळे तोवर ती त्याच्याकडे होती हे त्यातूनच सिद्ध होतं.

वीस वर्षांचं म्हणाल तर मॉरोचा आकडा मालिकेतच बसत नाही. पाइकच्या हाताखाली आपण ११ वर्षं, ४ महिने, ५ दिवस होतो, असं स्पॉक स्वतः सांगतो. मालिकेच्या त्याच भागात पाइकच्या वेळची टेलोस ग्रहाची भेट १३ वर्षांपूर्वीची आहे. तो भाग २२६७ चा धरला तर टेलोस २२५४ मध्ये येतं, आणि तेव्हाही जहाज नवंकोरं नव्हतं. २२८५ पर्यंत एवढ्यानेच तीस वर्षं उलटून जातात. २२४५ धरून चाळीस लिहा. गंमत अशी की कर्कने ताबा घेतला २२६५ मध्ये, तिथून मोजलं तर बरोबर वीस होतात.

निनाद_ठाणे

फेजरचा मुद्दा बिनतोड आहे, डेकर लिहा. मग १७०१-ए, म्हणजे तिच्यानंतरच्या एंटरप्राइजचं काय? कर्क तिचाही कप्तान होता. त्याच पट्टीवर खाली घ्यायची का?

माझगावचा_फिटर

नको. ती वेगळी नौका, तिचा हिशेब वेगळा. २२८६ मध्ये कर्कला मिळाली, २२९३ मध्ये निवृत्तीला आली. आपली नवी विक्रांत २ सप्टेंबर २०२२ ला कोचीला सेवेत आली. नाव तेच, नंबरही आर-११ च, मागे ‘ए’ वगैरे काही नाही. तरी जुनीचा इतिहास ३१ जानेवारी १९९७ ला थांबतो. पुढे ती मुंबईतच संग्रहालय म्हणून उभी होती, पोरंबाळं रांगा लावून बघायला यायची. २०१४ मध्ये दारूखान्यात, मुंबईच्या जहाजतोडणीच्या भागात, तोडायला घेतली. मी त्या बाजूला गेलो नाही, मला बघवलं नसतं.

म्हणूनच, ताई, पट्टीच्या शेवटच्या ओळीत ‘निवृत्त’ लिहू नका. मॉरो तिला निवृत्त करणार होता, पण ते झालं नाही. कर्क आणि मंडळी तिला गोदीतून पळवून नेतात. स्कॉटीने चार-पाच माणसांना झेपेल अशी सगळी यंत्रणा जोडलेली असते, ती शत्रूच्या, क्लिंगॉनांच्या, एका माऱ्यात कोलमडते. मग कर्क, स्कॉटी आणि चेकॉव्ह तिघेही आपापला संकेत देतात आणि जहाज स्वतःला उडवतं. तबकडीवरचा नंबर जळत जातो ते दृश्य मी नीट बघूच शकत नाही. भंगारात निघण्यापेक्षा माणसं वाचवताना गेली, हे पट्टीवर दिसायला हवं.

डेकरच्या नावापुढे ‘मृत’ही लिहू नका. १९७९ च्या सिनेमाच्या शेवटी व्ही’जर या यंत्राच्या प्रसंगानंतर कर्क त्याला आणि इलिया या अधिकारी बाईला बेपत्ता नोंदवायला सांगतो. तेच शब्द ठेवा.

मेघना_मुलुंड

सगळ्यांचे मनापासून आभार. भाच्याला सगळा धागा वाचून दाखवला, फेजरची गोष्ट ऐकून त्याने तो सिनेमा लगेच पुन्हा लावला. मजकूर असा ठरतोय: सुरुवात २२४५, एप्रिल, पाइक, कर्क, डेकर (बेपत्ता), कर्क, स्पॉक, कर्क, जेनेसिस ग्रहाजवळ कप्तानाच्या हुकमाने नष्ट, २२८५. कर्क तीनदा येतोय, तर जागा पुरावी म्हणून पट्टी दोन बोटं रुंद घेऊ. फिटरकाका, पितळेवर अक्षरं कोरून काळा रंग भरावा की नुसती ठेवावीत?

माझगावचा_फिटर

रंग भरा. नुसतं पितळ मुंबईच्या हवेत एका पावसाळ्यात काळवंडतं आणि अक्षरं वाचता येत नाहीत. वरून पातळ लॅकरचा हात द्या, आणि लॅकर सुकेपर्यंत पट्टीला हात लावू देऊ नका त्याला.