कोलोनच्या कार्निव्हलला मैत्रिणीकडे जायचंय: कुठले दिवस, काय तयारी?

जास्वंद

नमस्कार मंडळी. माझी कॉलेजची मैत्रीण गेली सव्वीस वर्षं जर्मनीत कोलोनला असते. हॉस्टेलवर आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली. तेव्हापासून "एकदा ये गं" चालू आहे. आधी मुलांच्या शाळा, मग सासूबाईंचं आजारपण, असं करत ते राहूनच गेलं. आता मी निवृत्त झालेय आणि तिनं बजावलंय, येशील तर कार्निव्हललाच ये. २०२७ मध्ये त्यांचा मुख्य सोमवार ८ फेब्रुवारीला आहे.

पण ती मला नुसती मिरवणूक बघायला बोलवत नाहीये. ती निप्पेस भागात राहते. तिच्या गल्लीतले शेजारी मिळून मंगळवारच्या वस्तीच्या मिरवणुकीत चालतात, सगळे एकसारखा वेष शिवून. त्यात मीही चालावं असा तिचा हट्ट आहे.

माझ्या शंका अशा. मी दारू घेत नाही. जे व्हिडिओ पाहिले त्यांत तरुण पोरांची तुफान गर्दी आणि हातात बाटल्या, एवढंच दिसलं. डावा गुडघा दुखरा आहे, थंडी सोसवत नाही. आणि सगळ्यात मोठी शंका म्हणजे, मी परकी बाई, भाषा येत नाही, त्यांच्या घरच्यासारख्या सणात मध्येच जाऊन चालले तर लोकांना बरं वाटेल का? कुणी गेलं असेल तर मोकळेपणानं सांगा. किती दिवस राहावं तेही सांगा.

राईनकाठ

ताई, जरूर या. मी अकरा वर्षं बॉनला आहे, कोलोनहून रेल्वेनं अर्ध्या तासावर.

आधी कागदपत्रं. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे तुमच्यासाठी ऑगस्ट २०२६ पासून. शेवटच्या आठवड्यांवर ठेवू नका. शुल्क ९० युरो आणि किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. खर्च तुम्हीच करणार असाल तर मैत्रिणीचं निमंत्रणपत्र आणि तिच्या पत्त्याचा पुरावा जोडा. खर्चाची हमी ती घेणार असेल तर तिला तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन अधिकृत हमीपत्र करून घ्यावं लागेल. त्याची भेटीची वेळ मिळायला उशीर होऊ शकतो, म्हणून ते काम तिला आत्ताच सांगून ठेवा.

फ्रँकफर्टला उतरलात तर विमानतळावरूनच वेगवान गाडी मिळते, तासाभरात कोलोन. गुरुवार ४ फेब्रुवारीच्या आधी दोन दिवस तरी पोहोचा, कारण त्या सकाळपासून शहर आपलं राहत नाही. तुम्ही पाहिलेले व्हिडिओ बहुधा त्स्युल्पिशर श्ट्रासेचे असणार. विद्यार्थ्यांचा भाग तो, गुरुवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. तिकडे फिरकू नका, बस्स. निप्पेसचा आणि त्या गल्लीचा काही संबंध नाही.

शेवंती

जास्वंदताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी २०२३ मध्ये गेले होते, माझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडे, आणि योगायोग म्हणजे तीही निप्पेसमध्येच राहते. तुमच्या शेवटच्या शंकेचं उत्तर आधी देते: चाला. सोमवारची मोठी मिरवणूक चुकली तरी चालेल, पण मंगळवार सोडू नका. मी दोन्ही केलं आणि आज सहा दिवसांतलं जे डोळ्यांसमोर येतं ते मंगळवारचंच.

गुरुवारपासून सांगते. त्या दिवसाला वायबरफास्टनाख्ट म्हणतात, बायकांचा दिवस. सकाळी अकरा वाजून अकरा मिनिटांनी जुन्या बाजारचौकात सुरुवात होते. बायका कात्री घेऊन फिरतात आणि दिसेल त्या पुरुषाचा टाय कापतात. मैत्रिणीच्या ऑफिसातले साहेब त्या दिवसासाठी मुद्दाम एक जुना टाय राखून ठेवतात. सकाळी आठच्या ट्राममध्ये माझ्यासमोर सत्तरीच्या एक आजी बसल्या होत्या. अंगात मधमाशीचा पोशाख, डोक्यावर दोन हलती शिंगं, मांडीवर डब्याची पिशवी. कुठे निघाल्या म्हणून मैत्रिणीनं विचारलं तर म्हणाल्या, कामावर. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे लोक कार्निव्हल बघायला जात नाहीत, ते त्यात राहतात.

तुम्ही दारू घेत नाही याची काळजी करू नका, मीही घेत नाही. तिथली बिअर क्योल्श, ती ०.२ लिटरच्या उंच बारीक पेल्यात येते. पेला रिकामा झाला की वाढपी न विचारता दुसरा ठेवून जातो, आणि नको असेल तर पेल्यावर पुठ्ठ्याची चकती झाकायची अशी रीत आहे. मी सफरचंदाचा रस सोड्यात घालून मागवत होते, आप्फेलशोर्ले म्हणतात त्याला. सगळ्यांच्या हातात हात घालून डावी-उजवीकडे झुलत गाताना माझ्या पेल्यात काय आहे हे कुणीही पाहिलं नाही. गाणी त्यांच्या बोलीत असतात, शब्द कळत नाहीत, पण तिसऱ्या वेळी धृपद आपोआप तोंडात येतं. एक मात्र सांगते, गालाला गाल लावून ओझरता मुका देण्याची पद्धत आहे, ब्युत्सये म्हणतात. नको असेल तर हात पुढे करा, हसून नाही म्हणा. मला कुणी आग्रह केला नाही.

सोमवार, म्हणजे रोझेनमोन्टाग. २०२३ मध्ये या कार्निव्हलच्या आजच्या रूपाला दोनशे वर्षं झाली होती आणि मिरवणूक पहिल्यांदाच नदीच्या उजव्या काठावरून, डॉइट्झमधून निघाली. १८२३ मध्ये शहरावर प्रशियाचं राज्य होतं. तेव्हा शहरातल्या प्रतिष्ठितांनी समिती करून या सणाला शिस्त लावली. लाल-पांढऱ्या गणवेशातले सैनिक दिसतील, बंदुकीच्या नळीत फुलं खोचलेले. ते शहराच्या जुन्या शिपायांची नक्कल करतात आणि चालता चालता पाठीला पाठ लावून ढुंगण घासत नाचतात. सैनिकी शिस्तीची उघड थट्टा, दोनशे वर्षं चालत आलेली. सगळ्यात शेवटी राजपुत्राचा रथ येतो. त्याच्या आधी शेतकरी आणि कुमारिका. ही तिन्ही सणातली ठरलेली पात्रं. ही कुमारिका परंपरेनं पुरुषच होतो. नाझींनी १९३८ आणि १९३९ मध्ये तिथे बाई उभी केली, युद्धानंतर लोकांनी पुन्हा पुरुषच आणला. हे मैत्रिणीच्या नवऱ्यानं मला रथ समोर येत असताना कानात ओरडून सांगितलं, आणि त्याच्या आवाजात अभिमान होता.

आता गुडघ्याचं. सोमवारी एका जागी चार तास उभी होते आणि शेवटी पायात पेटके आले. बसायला जागा नाही, स्वच्छतागृह लांब, आणि एकदा जागा सोडली की गेली. तुम्ही घडीचं छोटं स्टूल न्या किंवा रस्त्यावर घर असलेलं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्या खिडकीतून बघा. चष्मा असेल तर जपा. गोळ्या-चॉकलेटं रथावरून मुठीनं उधळतात, कामेले म्हणतात त्यांना, पण मध्येच चॉकलेटचे अख्खे डबेही येतात आणि उंचावरून आलेला डबा चांगलाच लागतो. फुलांचे छोटे गुच्छही देतात. एका घोड्याशेजारून चालणाऱ्या म्हाताऱ्या शिपायानं कठड्यावरून वाकून मला पिवळं ट्यूलिप दिलं. मी ते पाकिटात दाबून घरी आणलं, अजून आहे.

मंगळवारचं तुम्हाला नीट सांगायला हवं. वस्तीला ते फेडल म्हणतात, आणि ही मिरवणूक अगदी घरगुती असते. रथ थोडे, चालणारे जास्त. शाळा, गल्ल्या, पोहण्याचे क्लब, दुकानदार. आमच्या गटाचा वेष होता समुद्रातले प्राणी. मी जेलीफिश. मैत्रिणीनं जुन्या पांढऱ्या छत्रीला पारदर्शक पट्ट्या शिवून दिल्या होत्या, खाली माझा नेहमीचा जाड कोट. थंडीचं उत्तर हेच आहे: वेष एक माप मोठा शिवायला सांगा, म्हणजे कोट त्याच्या आत जातो. आत गरम कपड्यांचे दोन थर, बुटात लोकरीचे मोजे. तुम्ही गटात चालता आहात म्हटल्यावर थंडी अर्धी होते, कारण पाय हलत राहतात.

प्रत्येक गट आपली कामेले आपण विकत घेतो. माझ्या खांद्यावर गोळ्यांनी भरलेली कापडी झोळी अडकवली आणि मला वाटलं संपता संपणार नाही. दुसऱ्या वळणावर झोळी रिकामी! मी ओंजळी भरभरून उडवत सुटले होते. मग पुढे चालणाऱ्या बाईंनी आपल्यातल्या अर्ध्या माझ्या झोळीत ओतल्या आणि हातानं दाखवलं: दोन-तीन घे, खालून वर उडव, तोंडावर नको. आणि मागे उभी असलेली, हात न पुरणारी पोरं शोध, त्यांच्या हातात दे. त्यानंतर मी उडवणं जवळजवळ सोडलंच, हातातच देत गेले. एका वळणावर पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एका आजींनी दोरीला टोपली बांधून खाली सोडली होती. जो तो गट त्यात काहीतरी टाकत होता. मी टाकलं तेव्हा त्यांनी वरून कार्निव्हलची आरोळी दिली, "आलाफ!" मीही ओरडले. भाषेची गरज तेवढीच पडली, ताई.

गाडीच्या चाकांशेजारून हात पसरून चालणारी माणसं दिसतील. गोळी उचलायला एखादं मूल चाकाखाली वाकू नये म्हणून ती असतात. त्यांना तिकडे गाडीचे देवदूत म्हणतात.

एकच व्यवहाराची गोष्ट: गटात किती माणसं चालणार हे आधी कळवावं लागतं. तुमचं नाव मैत्रिणीला लवकर द्यायला सांगा आणि कामेलेच्या खर्चात तुमचा वाटा तुम्ही आग्रहानं द्या. माझ्या मैत्रिणीनं घेतला नाही, पण गटाच्या प्रमुख बाईंनी घेतला, आणि त्या क्षणापासून मी त्यांची झाले.

मुशाफिर

शेवंती यांनी सगळं छान सांगितलंय. माझी भर एवढीच की शेजारच्या ड्युसेलडॉर्फची आरोळी "हेलाऊ" आहे आणि कोलोनची "आलाफ". कोलोनमध्ये चुकूनही हेलाऊ म्हणू नका, दोन्ही शहरांची जुनी चुरस आहे. गुरुवारी किंवा सोमवारी बँक, दुकान, डॉक्टर यांची कामं ठेवू नका, शहर जवळपास बंद असतं. औषधं सोबत पुरेशी ठेवा. आणि रविवारी शहराच्या मध्यभागी शाळांची आणि वस्त्यांची एकत्र मिरवणूक असते, ती मोठीपेक्षा निवांत. गुडघा पाहता तुम्ही सोमवारऐवजी रविवार करा, मंगळवारी चाला.

जास्वंद

खूप खूप आभार. शेवंती, तुमचं दोनदा वाचलं. आधी लिहिली नव्हती ती गोष्ट आता लिहिते. मैत्रिणीचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. दरवर्षी गटाची ढकलगाडी तेच बांधायचे. तेव्हापासून ती चाललेली नाही. गल्लीतल्यांनी दोन्ही वर्षं बोलावलं, ती गेली नाही. आता म्हणते, तू आलीस तर मी चालेन. मला भीती वाटते की ऐन मिरवणुकीत तिला भरून आलं तर? एवढ्या आनंदाच्या गर्दीत तिला सांभाळायचं कसं?

शेवंती

ताई, आमच्या गटात एक गृहस्थ होते. बायको गेल्यानंतरचं ते त्यांचं पहिलंच वर्ष. तिची पिसांची टोपी त्यांनी आपल्या झोळीवर शिवून टाकली होती. निघताना कुणी त्याबद्दल काही बोललं नाही. पण मी पाहत होते, मिरवणूक जिथे जिथे थांबे तिथे गटातलं कुणीतरी येऊन त्यांच्या दंडात हात अडकवे आणि गाण्यावर झुले. दर वेळी वेगळं माणूस. एकदा ते रडले, झुलतानाच, आणि शेजारची बाई तशीच झुलत राहिली. तुम्हाला एकटीनं सांभाळायचं नाहीये. ते शेजारी दोन वर्षं वाट बघतायत ना तिची!

आणि मंगळवारी रात्री घरी लवकर नेऊ नका तिला. गुरुवारपासून दारूच्या गुत्त्यांच्या दारावर गवताचा एक माणूस टांगलेला असतो, नुबेल. मध्यरात्रीच्या सुमारास त्याला खाली उतरवतात, धर्मगुरूसारखा पोशाख केलेला एक जण त्याच्यावर आरोप वाचतो आणि वर्षभराचा सगळा दोष त्याच्या माथी मारतात. पैसे कुणी उडवले? नुबेलनं! रात्रभर जागवलं कुणी? नुबेलनं! मग पेटवून देतात. शिमग्याला होळीभोवती बोंब मारताना छातीतलं काहीतरी सुटतं ना, अगदी तसंच मला त्या आगीसमोर झालं. माझी मैत्रीण ओरडत होती ते काय, हे मी तिला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरआधीच्या उपासांचा पहिला दिवस, शहर एकदम गप्प. कपाळावर राखेचा क्रूस घेतलेले लोक दिसतात, आणि रात्री घरोघरी, हॉटेलांत मासे खातात. त्यानंतर आणखी चार-पाच दिवस राहा. त्या सहा दिवसांत बोलायला वेळच मिळत नाही, आमच्या खऱ्या गप्पा बुधवारी दुपारी सुरू झाल्या.

जास्वंद

ठरलं. २ ते १६ फेब्रुवारी, तिकिटं बघतेय. आत्ताच तिच्याशी तासभर बोलले. नुबेलचं विचारलं तर म्हणाली, आमच्या कोपऱ्यावरच जाळतात. टोपीवाल्या गृहस्थांचंही सांगितलं. थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग उठून फोन घेऊन तळघरात गेली आणि कॅमेरा फिरवून मला ती ढकलगाडी दाखवली. वर चादर टाकलेली आहे, एक चाक निखळलंय. शेजारचा मुलगा शनिवारी चाक बसवायला येतोय. यंदाचा वेष पक्ष्यांचा आहे, आणि पंखांसाठी माझ्या दोन जुन्या टसर साड्या मी घेऊन यायच्या आहेत.